लेवीय १ ते ७ : पाच अर्पणे आणि आजचा ख्रिस्ती माणूस

प्रश्न असा आहे : ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केले, आता कोणी वेदीवर बोकड आणत नाही, मग लेवीय पुस्तकातले पहिले सात अध्याय आज कशासाठी वाचायचे, आणि मंडळीत शिकवायचे झाले तर सुरुवात कुठून करायची?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. त्या सात अध्यायांत पाच वेगवेगळी अर्पणे आहेत आणि आपण पाचांचे एकच करून टाकले आहे. "पाप झाले, रक्त सांडले, क्षमा मिळाली" एवढ्या एका वाक्यात सगळे बसवले की बाकीचा तपशील फुकटचा वाटू लागतो, आणि वाचक तिसऱ्या अध्यायाच्या आसपास पुस्तक मिटतो. नव्या कराराचे लेखक असे करत नाहीत. पौल काय किंवा इब्री लोकांस पत्र लिहिणारा काय, दोघेही प्रत्येक अर्पण वेगळे ओळखतात आणि जिथे जे लागू पडते तिथे तेच वापरतात. त्यामुळे लेवीय नीट न वाचता त्यांची पत्रे वाचली, तर निम्मे संदर्भ हातातून निसटतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या काही भाषांतरांत होमबली, पापबली असे शब्द आहेत, काहींत होमार्पण, पापार्पण असे. होम, हव्य, याजक हे शब्द यज्ञाच्या परंपरेतून आलेले. आणि 'बळी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोपलेल्या देवतेला शांत करण्यासाठी जत्रेत कापलेला बोकड येतो. दोन्ही चित्रे वाचताना बाजूला ठेवावी लागतात. या सगळ्या अर्पणांना मिळून हिब्रूत शब्द आहे 'कोरबान'. त्याचा धातू 'जवळ येणे' या अर्थाचा. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला 'कुर्बानी' त्याच सेमिटिक कुळातला. म्हणजे कोरबान हे, जे हातात घेऊन माणूस देवाजवळ जातो. देवाला भूक लागली म्हणून ते नाही. स्तोत्र ५० मध्ये परमेश्वर स्वच्छ विचारतो, मी बैलांचे मांस खातो का? म्हणूनच मी पुढे होमार्पण, पापार्पण हीच नावे वापरतो.

वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १:१ ते ६:७ हा भाग लोकांना उद्देशून आहे : तुमच्यापैकी कोणी अर्पण आणले तर काय करावे. ६:८ ते ७:३८ हा भाग मुख्यतः अहरोन व त्याच्या मुलांसाठी, म्हणजे याजकांसाठी आहे : राख कोणी काढायची, मांस कुठे खायचे, कातडे कोणाचे. तीच पाच अर्पणे दोनदा येतात ती यामुळे. अनेक जण पहिली फेरी वाचून थांबतात. पण खाण्याचे नियम बहुतेक दुसऱ्या फेरीत आहेत आणि अर्थाची किल्ली तिथेच आहे. (हिब्रू आवृत्तीशी ताडून पाहणाऱ्यांसाठी : तिथे पाचवा अध्याय २६ ओव्यांचा आहे, म्हणून आपले ६:१ तिथे ५:२० येते. घोटाळा झाला असे समजू नका.)

प्रत्येक अर्पणाला पाच प्रश्न विचारा. कोण आणतो? काय आणतो? रक्त कुठपर्यंत जाते? कोण खातो? उरलेल्याचे काय होते? मी यात चौथ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन देतो.

होमार्पणापासून सुरुवात करू. हिब्रू नाव 'ओलाह', म्हणजे वर चढणारे. बैल, मेंढा किंवा बोकड; नर आणि निर्दोष. ऐपत नसेल तर होला किंवा पारव्याचे पिलू. आणणारा माणूस जनावराच्या डोक्यावर हात टेकतो, आणि कापतोही तोच. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही : सुरी याजकाच्या हातात नसते. याजकाचे काम रक्तापासून सुरू होते. तो रक्त वेदीच्या चारही बाजूंना शिंपडतो, आणणारा कातडे काढून तुकडे करतो, आतडी आणि पाय पाण्याने धुतले जातात, आणि मग सगळेच्या सगळे वेदीवर जळते. फक्त कातडे याजकाला मिळते (७:८). कोण खातो? कोणीही नाही. त्याचा अर्थ इथेच आहे : यात कोणाचाही वाटा नाही, सगळे देवाचे. रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक वर्षाचे कोकरू असे चढत असे. त्याबरोबर एफाचा दहावा भाग सपीठ, पाव हिन तेल आणि पाव हिन द्राक्षारस (गणना २८; एफा आणि हिन ही तेव्हाची मापे, त्यांचा हिशेब पुढे येतो). रात्रभर वेदीवर विस्तव राही. सकाळी याजक तागाची वस्त्रे घालून राख काढी, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकी. राख उचलण्यालाही पेहराव ठरलेला आहे, हे जाता जाता पाहून ठेवा. मंडळीतल्या झाडलोटीला हलके काम समजणाऱ्यांसाठी ही ओवी उपयोगी आहे.

पौल रोम १२:१ मध्ये शरीरे "जिवंत यज्ञ" म्हणून अर्पा असे लिहितो तेव्हा मागे हे अर्पण उभे आहे. काही राखून ठेवायचे नाही, हा मुद्दा. होमार्पणानेही प्रायश्चित्त होते असे १:४ मध्ये म्हटले आहे, पण आणणाऱ्याने एखादे ठरावीक पाप केले म्हणून ते आणले, असा उल्लेख तिथे नाही. 'सुवासिक' हा शब्दसुद्धा होमार्पण, अन्नार्पण आणि शांत्यर्पण यांच्यासोबत पुन्हा पुन्हा येतो. पापार्पणासोबत या सात अध्यायांत एकदाच (४:३१). इफिस ५:२ मध्ये ख्रिस्ताने स्वतःला "सुवास" म्हणून दिले असे आहे. तिथे पौल शिक्षेविषयी बोलत नसून पित्याला आवडलेल्या संपूर्ण समर्पणाविषयी बोलतो आहे, आणि त्याच ओवीची सुरुवातही प्रीतीने चालण्याने होते. ही छटा 'रक्त आणि क्षमा' या सूत्रात हरवते.

अन्नार्पणात रक्त नाहीच. सपीठ, तेल आणि ऊद. कच्चे आणा, भट्टीत भाजून आणा, तव्यावर करून आणा किंवा कढईत, सगळे चालते. याजक एक मूठ सपीठ आणि सगळा ऊद वेदीवर जाळतो, बाकीचे याजकांचे. खमीर नको, मध नको, मीठ मात्र हवेच (२:११-१३). एफा सुमारे २२ लिटर धरला तर दहावा भाग २.२ लिटर होतो, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलो पीठ. हिन सुमारे ३.६ लिटर, त्याचा पाव म्हणजे ९०० मिलिलिटर तेल. प्राचीन मापांचे अंदाज थोडे कमीजास्त होतात, पण आवाका एवढाच. शिकवताना हे पीठ खरोखर परातीत ओता आणि त्यातून एक मूठ काढून दाखवा. मूठ देवाची, परात याजकांच्या घरची. लेव्यांना, म्हणजे याजकांच्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचे पोट असे भरे. १ करिंथ ९:१३-१४ मध्ये पौल सुवार्ता सांगणाऱ्याच्या उपजीविकेचा हक्क इथूनच काढतो.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. याजक स्वतःचे अन्नार्पण आणतो तेव्हा त्यातला कणही खाऊ शकत नाही. ते पूर्ण जाळायचे (६:२३). स्वतःच्या पापासाठी आणलेल्या गोऱ्ह्याचे मांसही त्याला नाही. दुसऱ्याच्या अर्पणातून त्याला वाटा मिळतो, स्वतःच्या अर्पणातून नाही. एली याजकाच्या मुलांनी हा हिशेब मोडला : चरबी जाळण्याआधीच त्यांचा नोकर येई आणि कच्चे मांस मागे, नाही दिले तर जबरीने नेई (१ शमुवेल २). दशमांश आणि 'बियाणे पेरा, शंभरपट घ्या' अशी प्रवचने देताना जे लोक लेवीय पुढे करतात, त्यांनी हे दोन्ही उतारे त्याच उपासनेत वाचून दाखवावेत असे मला मनापासून वाटते. लेवीयातल्या एकाही अर्पणाच्या बदल्यात पैसा शंभरपट मिळेल असे वचन नाही.

आता शांत्यर्पण. माझ्या मते पाचांत हे सर्वांत दुर्लक्षित आणि आजच्या मंडळीला सर्वांत जवळचे. हिब्रूत 'शेलामीम', 'शालोम'शी नाते असलेला शब्द. नर किंवा मादी कोणतेही चालते. रक्त वेदीभोवती शिंपडायचे. आतड्यांवरची चरबी, दोन्ही गुरदे, काळजावरचा पडदा आणि मेंढरू असेल तर पाठीच्या कण्याजवळून काढलेले चरबीदार शेपूट हे वेदीवर. (त्या प्रदेशातल्या मेंढरांचे शेपूट जाड, चरबीने भरलेले असते, आपल्या दख्खनी मेंढीचे बारीक शेपूट डोळ्यांपुढे आणले तर ही ओवी कळत नाही.) ऊर ओवाळून याजकांना, उजवी मांडी रक्त व चरबी वाहणाऱ्या याजकाला. आणि बाकीचे सगळे मांस आणणाऱ्याचे. म्हणजे हे असे अर्पण, ज्यात वेदी, याजक आणि आणणारे कुटुंब तिघेही एकाच जनावरातून वाटा घेतात.

याचे तीन प्रकार : उपकारस्तुतीचे, नवसाचे आणि स्वखुशीचे. नवसाचे आणि स्वखुशीचे मांस दोन दिवस खाता येते. तिसऱ्या दिवशी उरले तर जाळायचे, खाल्ले तर अर्पणच रद्द. उपकारस्तुतीचे मात्र त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही (७:१५). त्याबरोबर बेखमीर पोळ्या, चापट्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या, आणि शिवाय खमिराची भाकरीही. आता हिशेब करा : एक अख्खा मेंढा, एवढ्या भाकरी, मुदत एका दिवसाची. एकट्या घराला ते संपणार नाही. शेजारी, गरीब, परके, ज्याला घर नाही त्याला बोलावल्याशिवाय नियम पाळताच येत नाही. मुदत जितकी कमी, पंगत तितकी मोठी. संकटातून सुटलेल्या माणसाने आपली सुटका चारचौघांत सांगायची आणि जेवू घालायचे, ही त्या नियमातली योजना आहे.

स्तोत्र २२ या प्रकाशात वाचा. सुरुवात "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" अशी, वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेली. पण २५-२६ व्या ओव्यांत तोच माणूस मंडळीत नवस फेडतो आणि दीन लोक जेवून तृप्त होतात. ते उपकारस्तुतीचे जेवण आहे. प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये जे नाव पडले त्याचा अर्थही 'आभार मानणे' हाच. कॅथलिक मिस्साला यज्ञ म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळ्या तो शब्द जपून वापरतात; तो वाद १६ व्या शतकापासून चालत आला आहे आणि या उत्तरात सुटणार नाही. पण देवासमोर आभार मानत एकत्र जेवणे हे दोन्ही बाजू मान्य करतात, आणि ते शेलामीमचे लक्षण आहे. करिंथ येथे श्रीमंत आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. १ करिंथ ११ मध्ये पौल चिडतो तो यावर. जेवणात वाटा न मिळणे म्हणजे अर्पणच मोडणे.

इब्री १३:१५ मध्ये "स्तुतीचा यज्ञ" हा जो शब्दप्रयोग आहे, तो लेवीय ७:१२ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात उपकारस्तुतीच्या अर्पणासाठी आलेला आहे. म्हणजे लेखक नुसते 'गाणी म्हणा' असे सांगत नाही. पुढचीच ओवी पाहा : चांगले करायला आणि दान करायला विसरू नका, अशा यज्ञांनी देवाला संतोष होतो. स्तुती आणि वाटून खाणे ही जोडी लेवीयातही अशीच होती.

आपल्या मुलखात याचा एक जिवंत धागा आहे. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी नवस फेडताना, लग्नकार्यात 'मलिदा' करतात : गोड पोहे, खोबरे, फळे ताटात मांडून, एलियाहू हन्नाबीचे (एलीया संदेष्ट्याचे) स्तवन म्हणून, मग सर्वांनी मिळून खायचे. अलिबागजवळ खंडाळे येथे 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणून दाखवली जाणारी जागा आहे, तिथेही मलिदा होतो. मंदिर नाही, वेदी नाही, रक्त नाही. पण नवस, आभार आणि वाटून खाणे टिकले. वांद्र्याच्या मोत माऊलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांच्या मनातही नवसाचीच भाषा असते, पापाच्या प्रायश्चित्ताची नव्हे. तिथे जाणाऱ्याला शिकवताना दटावण्यापेक्षा 'तुझ्या सुटकेच्या जेवणाला कोणाला बोलावलेस?' असे विचारणे लेवीयाला धरून होईल.

पापार्पणाकडे वळू. 'हत्तात' याचे भाषांतर पापार्पण झाले आणि गैरसमज सुरू झाले. बाळंतिणीलाही हे अर्पण आणावे लागे (अध्याय १२), नवस पूर्ण करणाऱ्या नाजीरालाही, म्हणजे नवसाने स्वतःला देवाला वाहून घेतलेल्या माणसालाही (गणना ६), आणि नव्या वेदीसाठीही ते केले जाई (निर्गम २९:३६). बाळ होणे पाप नाही. दगडधातूची वेदी पाप करीत नाही. म्हणून जेकब मिलग्रोम यांच्यासारखे अभ्यासक याला 'शुद्धीकरणाचे अर्पण' म्हणतात, आणि मला ते पटते. रक्त इथे धुण्याचे काम करते. मरीया आणि योसेफ यांनी आणलेल्या दोन पक्ष्यांपैकी (लूक २:२४) एक यातलाच, तोही ऐपत नसलेल्यांसाठी दिलेल्या सवलतीतला.

आता रक्त कुठपर्यंत जाते ते पाहा. साधा माणूस चुकला तर शेळी किंवा मेंढी, आणि रक्त अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना, म्हणजे तिच्या कोपऱ्यांवरच्या टोकांना. अधिपती चुकला तर बोकड, रक्त त्याच वेदीला. पण अभिषिक्त याजक किंवा सबंध मंडळी चुकली तर गोऱ्हा, आणि रक्त मंडपात (उपासनेच्या तंबूत) नेऊन अंतरपटासमोर, म्हणजे आतल्या पडद्यासमोर, सात वेळा शिंपडायचे, धूपवेदीच्या शिंगांना लावायचे. पुढाऱ्याच्या पापाचा डाग आत, पवित्रस्थानापर्यंत पोहोचतो, म्हणून धुणेही आतपर्यंत. मंडळीतल्या पाळकाची किंवा वडीलमंडळाची चूक 'घरातली गोष्ट' म्हणून झाकणाऱ्यांनी चौथा अध्याय वाचावा. तिथे मोठ्या पदाला मोठे जनावर आहे, सूट नाही.

ज्या अर्पणाचे रक्त आत गेले त्याचे मांस कोणी खायचे नाही. ते छावणीबाहेर नेऊन जाळायचे (४:१२, ६:३०). बाकीच्या पापार्पणांचे मांस याजक पवित्र जागी खातो. ते मातीच्या मडक्यात शिजवले असेल तर मडके फोडायचे, पितळी भांडे असेल तर घासून धुवायचे. हा नियम रुक्ष वाटतो. पण इब्री १३:१०-१२ नेमका यावर उभा आहे. येशू वेशीबाहेर मरण पावला, कारण ज्याचे रक्त आत नेले जाते त्याचे शरीर बाहेर जाते. आणि "मंडपाची सेवा करणाऱ्यांना जिथे खायचा अधिकार नाही अशी वेदी आपल्याला आहे" हे वाक्यही इथूनच. मडक्याचा नियम कंटाळून सोडला तर इब्रीकरांचा युक्तिवाद अर्धाच कळतो.

पापार्पणाबद्दल आणखी दोन चुका नेहमी होतात. पहिली : "रक्ताशिवाय क्षमा नाही" हे इब्री ९:२२ तोडून म्हणणे. त्या ओवीत आधी "बहुतेक" असा शब्द आहे, आणि तो तिथे उगाच आलेला नाही. लेवीय ५:११ प्रमाणे ज्याला दोन पक्षीही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा भाग सपीठ आणावे, तेल आणि ऊद न घालता. तेही पापार्पण, आणि त्यालाही क्षमा आहे. दारिद्र्यामुळे कोणी बाहेर राहू नये म्हणून नियम एवढा खाली उतरतो. दुसरी चूक : प्रत्येक वेळी हात ठेवणे म्हणजे पाप जनावरात घालणे असे शिकवणे. तसे स्पष्ट शब्दांत फक्त प्रायश्चित्ताच्या दिवशी आहे (१६:२१), आणि तिथे दोन्ही हात आहेत, पाप कबूल करणे आहे, आणि तो बोकड वेदीवर न जाता रानात सोडला जातो. इतर ठिकाणी एकच हात आहे. 'हे माझे आहे, माझ्या वतीने आहे' असा त्याचा अर्थ घेणे मला अधिक सावधपणाचे वाटते. शांत्यर्पणातही हात ठेवला जातो आणि त्याचे मांस तर घरी खातात.

मुद्दाम, उद्दामपणे केलेल्या पापाला मात्र अर्पण नाही (गणना १५:३०). दावीदाने स्तोत्र ५१ मध्ये भग्न हृदय पुढे केले, कारण व्यभिचार आणि खून यांच्यासाठी त्याला कोणतेच जनावर आणता आले नसते. ख्रिस्ताचे एकच अर्पण कायमचे पुरेसे आहे हा इब्री १० चा आनंद समजायला ही मर्यादा आधी जाणवावी लागते.

शेवटचे दोषार्पण, 'आशाम'. हे एकच असे आहे, ज्यात रुपये-पैशांचा हिशेब येतो. ठेव बुडवली, लुबाडले, सापडलेली वस्तू दडवली, खोटी शपथ घेतली : मूळ रक्कम परत, त्यावर पाचवा भाग, आणि मग मेंढा (६:१-७). क्रम महत्त्वाचा. आधी मालकाच्या हातात पैसे, मग वेदी. म्हणजे १०,००० रुपये बुडवले असतील तर १२,००० परत. आज मेंढा ख्रिस्ताच्या अर्पणात पूर्ण झाला असे आपण मानतो. यशया ५३:१० मध्ये देवाच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या प्राणाला 'आशाम' हाच शब्द आहे. पण १२,००० रुपये ख्रिस्ताने आपल्या वतीने परत केलेले नाहीत. जकातदार जक्कयाला तारण मिळाले त्याच दिवशी त्याने चौपट परत करायचे कबूल केले, आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू वेदीजवळ पोहोचलेल्या माणसालाही आधी भावाकडे परत पाठवतो.

व्यवहारात हे असे करावे. फसवलेल्या माणसाचे नाव आणि रक्कम कागदावर लिहा. मोघम 'प्रभू मला क्षमा कर' इथे पुरत नाही. पाचवा भाग जोडा. स्वतः जाऊन द्या, चूक तोंडाने कबूल करा (गणना ५:७), आणि क्षमा मिळालीच पाहिजे अशी अट घालू नका. मालक वारला असेल तर वारसांना. वारसही नसेल तर ते याजकाकडे जावे असे गणना ५:८ सांगते. आज तो पैसा गरिबांच्या निधीत, दोन साक्षीदारांसमोर जावा आणि पाळकाने स्वतःकडे ठेवू नये, असे माझे मत आहे. आणि एक गोष्ट ठामपणे : ही जबाबदारी चुकणाऱ्याची आहे. मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला 'समेट कर' म्हणून दोषी माणसासमोर बसवणे याला लेवीयात कुठेही आधार नाही. तिथे चालत जायचे ते दोषी माणसाने.

पुस्तकात अर्पणांचा क्रम एक आहे, प्रत्यक्ष उपासनेत वेगळा. नवव्या अध्यायात अहरोन लोकांसाठी प्रथमच वेदीवर उभा राहतो तेव्हा आधी पापार्पण, मग होमार्पण व अन्नार्पण, शेवटी शांत्यर्पण. धुणे, स्वतःला देणे, मग जेवण. आपल्या रविवारच्या उपासनेत पापकबुली आधी, समर्पण आणि अर्पण मध्ये, आणि प्रभुभोजन शेवटी येते. हा क्रम सहज बसतो.

खमीर म्हणजे नेहमी पाप, असेही शिकवू नका. वेदीवर ते नको, पण उपकारस्तुतीबरोबर खमिराची भाकरी आहे, आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या दोन ओवाळायच्या भाकरीही खमिराच्याच आहेत (२३:१७).

"येशूनंतर शिष्यांनी लगेच मंदिर सोडले का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौल चार नाजीरांचा खर्च उचलतो. गणना ६ प्रमाणे प्रत्येकाचे एक कोकरू होमार्पणाला, एक कोकरी पापार्पणाला, एक मेंढा शांत्यर्पणाला, म्हणजे एकूण बारा जनावरे, शिवाय भाकरीच्या टोपल्या. ज्याने रोमकरांस पत्र लिहिले होते त्यानेच हे केले. त्याला ख्रिस्ताच्या अर्पणाचे पुरेपण कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडले आणि यहुद्यांचीही अर्पणे थांबली. त्यांच्यात प्रार्थना, दान आणि पश्चात्ताप यांनी ती जागा घेतली. शोमरोनी लोक मात्र गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाची कोकरे आजही कापतात. ख्रिस्ती माणसाने यातले काही नाटक करून पुन्हा उभे करण्याची गरज नाही, आणि यहुदी लोक जणू चुकले म्हणून त्यांचे मंदिर गेले अशी भाषाही शिकवताना टाळावी.

शिकवायचे असेल तर सहा बैठका पुरतात. पहिलीत फक्त सातवा अध्याय आणि पाच प्रश्न; पहिल्या अध्यायापासून सुरू केले तर लोक गळतात. मग दर बैठकीला एक अर्पण : आधी लेवीय, नंतर त्याच्याशी जोडलेला नव्या करारातला उतारा, उलट क्रमाने नको, नाहीतर लोक उत्तर ठरवून प्रश्न वाचतात. क्रम ठेवा दोषार्पण, पापार्पण, होमार्पण, अन्नार्पण. दोषार्पणानंतर पंधरा दिवसांची सुट्टी द्या, कारण ज्यांना पैसे परत करायचे आहेत त्यांना वेळ लागतो. शांत्यर्पण सहाव्या बैठकीला, जेवणासकट. भाकऱ्या, भाजी, जमल्यास मटण. प्रत्येकाने गेल्या वर्षातली एक सुटका दोन मिनिटांत सांगायची. मंडळीबाहेरच्या निदान तेवढ्याच लोकांना बोलवा जेवढे आतले आहेत, आणि उरलेले डब्यात भरून घरी नेऊ देऊ नका. रात्रीच्या आत वस्तीत वाटून भांडी रिकामी करा.